ओढ्यात सापडलेला धारदार दगड : हातकुऱ्हाड की नुसताच कपचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दिवाळीच्या सुटीत तुम्ही तिघं खारघरच्या डोंगरावर गेला होतात. फणसवाडीच्या वाटेवरच्या ओढ्यात तळहाताएवढा काळा दगड मिळाला. एक टोक निमुळतं, दोन्ही कडांना धार. आठवीतला मुलगा म्हणतो, ही आदिमानवाची हातकुऱ्हाड. त्याचे बाबा म्हणतात, हा खडी फोडणाऱ्या यंत्रातून उडालेला तुकडा. तुम्ही चार फोटो पाठवलेत आणि विचारलंत, की दोघांत बरोबर कोण, आणि मुलाला असं हत्यार घरी करून बघता येईल का.

मी ठाण्याचा. 26 वर्षं दगडी हत्यारांच्या सर्वेक्षणात गेली, आणि त्यातली 18 वर्षं मी स्वतः दगड फोडून हत्यारं घडवून बघतोय. असे फोटो मला दर पावसाळ्यानंतर येतात. ओढे धुऊन निघतात, नवे दगड उघडे पडतात, आणि लोकांची नजर खाली जाते. मला याचा फार आनंद वाटतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही दगडाची धार आणि आकार बघून प्रश्न विचारलाय. पण धार तर कुठल्याही फुटलेल्या काळ्या दगडाला असते. निमुळता आकारही योगायोगाने मिळतो, लाखो दगडांतून तुम्ही नेमका तोच उचललात म्हणून तो वेगळा वाटतो. मी बघतो ते वेगळंच : या दगडावर एकापाठोपाठ एक असे घाव आहेत का, आणि पुढचा घाव मागच्या घावाचा उपयोग करून मारलेला आहे का? माणसाचा हात ओळखायचा तो तिथे.

हे समजायला दगड कसा फुटतो ते बघावं लागेल. खिडकीच्या काचेवर छर्रा लागला, तर पुढून भोक बारीक आणि मागून रुंद असतं. जोर शंकूसारखा पसरत आत जातो. बारीक कणांचा, एकजीव दगडही असाच वागतो. दगडाच्या कडेजवळ गोट्याने ठोसा मारला की शंकूची एक बाजू हवेत असते, म्हणून तिथून कपचा सुटतो. सुटलेल्या कपच्याच्या आतल्या अंगावर, ठोसा बसला त्या जागेच्या लगेच खाली, एक फुगवटा येतो. त्याच्यापुढे मंद लाटा. तिसऱ्यांचं शिंपलं पालथं हातात धरून बोट फिरवा, तसं लागतं. ज्या मूळ दगडावरून कपचा सुटला त्याला आम्ही गाभा म्हणतो, आणि त्या गाभ्यावर फुगवट्याचा उलटा ठसा, म्हणजे उथळ खळगा राहतो.

आता खरी मेख. कपचा सुटण्यासाठी ठोशाची सपाटी आणि कपचा सुटणार ती बाजू यांतला कोन 90 अंशांपेक्षा कमी लागतो. मला स्वतःला 70 ते 80 च्या आसपास बरं पडतं. कोन 90 च्या वर गेला की कितीही जोर लावा, दगड नुसता चुरडतो, पांढरा डाग पडतो आणि मनगट दुखतं. पूर्ण गोल गोट्याला असा कोन कुठेच नसतो. म्हणून पहिला कपचा काढणं सगळ्यांत अवघड. आणि तो निघाला की त्याच्या खळग्याने नवा कोन तयार होतो, त्यावर पुढचा ठोसा. म्हणजे प्रत्येक कपचा दोन कामं करतो : स्वतः धारदार पातं बनतो आणि पुढच्या कपच्याची वाट मोकळी करतो. तीन-चार कपच्यांनंतर कोन बिघडायला लागतो. मग गाभा फिरवायचा, कधी उलटा करायचा, कधी एखादा निव्वळ दुरुस्तीचा घाव मारायचा. माझी पहिली दोन वर्षं केवळ हा कोन सांभाळण्यात गेली. जोर कमी लागतो, नजर जास्त लागते.

तुमच्या मुलाला हे आवडेल : कान्झी नावाच्या बोनोबो वानराला निकोलस टॉथ आणि कॅथी शिक या पुरातत्त्वज्ञांनी 1990 च्या सुमारास दगड फोडायला शिकवलं. खाऊच्या डब्याची दोरी कापायला धारदार कपचा लागतो, हे त्याला बरोबर कळलं. तो कपचे काढू लागला, पुढे तर दगड सरळ जमिनीवर आपटून फोडू लागला. पण इथिओपियातल्या गोना इथे सापडलेल्या, सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांशी त्याचं काम ताडून पाहिलं, तेव्हा फरक दिसला. गोनाच्या कारागिरांना कोन सांभाळता येत होता, कान्झीला नाही. धारेची गरज दोघांना समजली होती. पुढच्या घावाची तयारी मात्र एकालाच जमत होती.

दुसरं उदाहरण आम्हा अभ्यासकांना जास्त अडचणीत टाकणारं आहे. ब्राझीलच्या सेरा दा कापिवारा भागातली कॅपुचिन माकडं गोटे कातळात रुतलेल्या दगडांवर आपटतात. त्यातून कपचे उडतात, त्यांना फुगवटा असतो, धारही असते. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘फुगवटा दिसला म्हणजे माणूस’ हे सोपं समीकरण मोडलं. ती माकडं ते कपचे वापरत नाहीत, त्यांच्याकडे बघतही नाहीत. तेव्हा एकटा कपचा हातात घेऊन निकाल देणं धोक्याचं, हे मी तेव्हापासून जास्त जपतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या मुलाने ‘आदिमानव’ असा एकच शब्द वापरलाय आणि त्यात फार लांबचा काळ कोंबला जातो. केनियातल्या लोमेक्वी इथे 33 लाख वर्षांपूर्वीची हत्यारं मिळाली आहेत. सोनिया हार्मांड यांच्या गटाला ती 2011 मध्ये सापडली. कित्येक किलोंचे बोजड दगड, दुसऱ्या दगडावर आपटून फोडलेले. आपल्या ‘होमो’ कुळाचा आजवर मिळालेला सर्वांत जुना जबडा 28 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे ही हत्यारं त्याच्याही आधीची. त्यानंतर येते गोना आणि टांझानियातल्या ओल्डुवायची परंपरा : गोट्यावरून कपचे काढायचे आणि त्यांनी मांस कापायचं. हातकुऱ्हाड त्याच्या बऱ्याच नंतर, सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी. इथे पहिल्यांदा दगड दोन्ही अंगांनी घडवून, दोन बाजू एकमेकींना जुळवून, ठरलेला आकार आणलेला दिसतो. भारतात तमिळनाडूच्या अत्तिरंपक्कमला अशी हत्यारं 15 लाख वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. आपल्या महाराष्ट्रात नेवाशाजवळ चिरकीला 1960 च्या दशकात गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी उत्खनन केलं, तिथे हातकुऱ्हाडी आणि फरश्या (म्हणजे टोकाला रुंद, आडवी धार असलेली दगडी हत्यारं) मिळाल्या, त्याही आपल्याच काळ्या दगडाच्या.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या दगडासाठी फार महत्त्वाचा आहे. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, गारगोटीसारखा टिकाऊ नाही. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, पण त्याचा नवा फुटलेला चेहरा उघड्यावर आला की त्याला हवापाणी लागतं. आधी राखाडी, मग तपकिरी साल चढते, कडा मऊ होतात, घावांमधल्या रेषा पुसट होतात. बेसॉल्टची लाखो वर्षांची हातकुऱ्हाड हातात घेतली, तर ती साबणाची वडी वापरून गुळगुळीत झाल्यासारखी लागते. घाव दिसायला ती तिरक्या उजेडात धरावी लागते. तुमच्या दगडाच्या कडेने बोट कापेल अशी धार आहे, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला ती धारच त्याच्या विरोधातला पुरावा वाटते. दुसऱ्या फोटोत फुटलेला भाग निळसर काळा, ताजा आहे, आणि पाठीवर जुनी तपकिरी साल तशीच आहे. म्हणजे दगड जुना, फूट नवी.

तिसऱ्या फोटोत मी घाव मोजले. मोठे दोन, आणि कडेला बारीक टवके. दोन मोठे घाव दोन वेगळ्या दिशांनी आलेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. हातकुऱ्हाडीत एका अंगाचे घाव हे दुसऱ्या अंगावरच्या घावांचा आधार घेऊन मारलेले असतात. कडेवर बघितलं तर आलटून-पालटून, विणकामाच्या टाक्यांसारखे ते दिसतात. इथे एक अंग पूर्ण सालीचं आहे. त्यामुळे माझा कौल बाबांच्या बाजूने झुकतो, पण यंत्राचाच हे मी छातीठोक सांगणार नाही. कारण ओढ्यात आणखीही गोष्टी घडतात.

पावसाळ्यात ओढा धोंडे लोळवतो. एकमेकांवर आपटून टवके उडतात, मात्र ते कसेही, सगळ्या कडांना, वेगवेगळ्या वेळचे असतात, म्हणून त्यांचे रंगही वेगवेगळे. उन्हातान्हाने आपला दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो, त्या पापुद्र्यांना आतून फुगवटा नसतो, ठोशाची जागा नसते. वणव्यात तापलेल्या गारगोटीवरून गोल झाकणासारखे तुकडे उडतात, तेही तसेच. आणि आपल्या भागात सर्वांत फसवा प्रकार म्हणजे माणसाचाच, पण आजचा : सुरुंग, ब्रेकर, पोकलेनचे दात, खडी मशीन. तुर्भे-पारसिकच्या खाणींनी डोंगर कापले, नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवली. या सगळ्यात लाखो कपचे तयार झाले, आणि त्यांतल्या कित्येकांना अगदी व्यवस्थित फुगवटा असतो. भौतिकशास्त्राला हातोडा कुणाचा हे कळत नाही. ही खडी भरावात, रस्त्यात, रुळांखाली, कुठे कुठे पोचलेली आहे.

यात मी स्वतः फसलोय. नवखा असताना एका रस्त्याच्या कडेला मला चार सुंदर तासण्या, म्हणजे कातडं-लाकूड तासायची दगडी हत्यारं, मिळाल्या, असं मला वाटलं. मी नोंदी केल्या, चित्रं काढली. माझ्या गुरूंनी एक तुकडा भिंगाखाली धरून कडेवरची लोखंडाची बारीक चकाकती रेघ दाखवली. यंत्राच्या दाताची खूण. त्या दिवसापासून मी आधी आजूबाजूला शंभर पावलं चालतो : रस्ता कधी झाला, भराव कुठून आला, वरच्या अंगाला खाण होती का. मग दगडाकडे बघतो. तुमच्या ओढ्याच्या वरच्या बाजूला वाटेचं काही काम झालंय का, हे तुम्हीच बघून सांगू शकाल.

इथेच ‘दगड कुठे आणि कशाबरोबर मिळाला यावर अवलंबून’ हा भाग येतो. सुटा दगड, ओढ्याच्या पात्रात, घरी आणलेला : यातून फार थोडं सांगता येतं. तोच दगड ओढ्याच्या काठाच्या जुन्या गाळथरात रुतलेला असता, त्याच्याभोवती आणखी दहा कपचे असते, एखादा ठोकून खरबरीत झालेला गोटा असता, तर मी आज संध्याकाळीच पाम बीचच्या गर्दीतून तुमच्याकडे निघालो असतो. कर्नाटकात इसामपूरला के. पद्दय्या यांनी दगडी हत्यारांचा जो कारखाना उजेडात आणला, त्याचं मोल यात आहे : चुनखडीच्या लाद्या, त्यावरून काढलेले कपचे, अर्धवट सोडलेली हत्यारं आणि वेगळ्या जातीच्या दगडांचे हातोडे, सगळं जागच्या जागी. केनियात लोकलालेईला तर 23 लाख वर्षांपूर्वीचे कपचे पुन्हा गाभ्याला जोडून पाहता आले, एकाच गाभ्यावरून डझनावारी कपचे कोणत्या क्रमाने निघाले ते कळलं. कुणी त्यातले दोन-तीन ‘छान’ तुकडे आधीच उचलून नेले असते, तर ही जुळणी तुटली असती.

आपल्या भागात असं काही मिळणारच नाही, असंही समजू नका. 1930 च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्यांनी कांदिवलीजवळच्या थरांत पुराश्मयुगीन हत्यारं नोंदवली, आणि साष्टीच्या किनाऱ्याने बारीक दगडी हत्यारांच्या जागाही. त्या थरांचा क्रम कसा लावायचा यावर पुढे एच. डी. सांकलियांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी फेरविचार केला. पण जागा होत्या. आज त्यांतल्या बहुतेकांवर इमारती उभ्या आहेत. म्हणून खारघर, येऊर, पारसिक इथली उरलेली उघडी जमीन मला फार मोलाची वाटते.

आतापर्यंतचं आवरून घेतो : धार आणि आकार यांवर जाऊ नका, घावांचा आपसातला संबंध बघा, फुटलेल्या भागाचा रंग आणि साल बघा, आणि जागा बघा. तुमचा मोठा दगड या तिन्ही ठिकाणी कच्चा पडतो.

आता घरी करून बघण्याबद्दल. जरूर करा, पण मुलाला एकट्याला अजिबात देऊ नका. पूर्ण डोळे झाकणारा गॉगल, जाड चामडी हातमोजे, मांडीवर चामड्याचा किंवा जुन्या टायरचा तुकडा, पायात बूट. उघड्या जागी, वारा पाठीशी घेऊन. दगडाची धूळ छातीत जात राहिली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो, खाणकामगारांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगलाय. दगड ओढ्यातून आणू नका, बांधकामाच्या मालातला घ्या. बारीक छिद्रांचा दगड टाळा, कारण तडा छिद्रापाशी थांबतो. गोट्याने हलकेच टकटक करून ऐका. घंटेसारखा खणखणीत वाजला तर आतून एकसंध, बद्द वाजला तर आत तडा. ही परीक्षा मी तुर्भ्याला एका वृद्ध वडारबाबांकडून शिकलो. ते दगडावर हात फिरवून तो कुठल्या बाजूने उलेल ते सांगत, आणि तसाच तो उलायचा. माझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यांच्या शेजारी बसलेल्या दुपारींनी मला जास्त शिकवलं.

हातोड्याला अर्धा किलोचा, मुठीत बसणारा गोल गोटा घ्या, तोही बांधकामाच्या मालातलाच. कडेपासून अर्धा-एक सेंटिमीटर आत, मनगट सैल ठेवून, खाली घसरत जाणारा ठोसा. पहिले वीस फसतील. एकविसावा ‘टक्‌’ असा कोरडा आवाज करेल आणि हातमोज्यात कपचा पडेल. त्याने सुतळी कापून बघा, टोमॅटोची साल, कोंबडीचं कातडं. माझ्या घरची सुरी जिथे घसरते तिथे गारगोटीचा ताजा कपचा सरळ आत जातो. तो क्षण मुलाने अनुभवावा असं मला मनापासून वाटतं. एक काम मात्र न चुकता करा : खाली ताडपत्री अंथरा आणि सगळा चुरा गोळा करा. मी तो पोत्यात भरतो आणि त्यात चालू वर्षाचं एक नाणं टाकतो, म्हणजे पुढे कुणाला तो मिळाला तर आमच्या अंगणातल्या कपच्यांचं अश्मयुग होणार नाही.

आता ज्यासाठी मी हे उत्तर रात्री बसून लिहिलं तो मुद्दा. तुमच्या चौथ्या फोटोत दगडाशेजारी मुलाचा तळहात आलाय, आणि त्यावर नखाएवढे तीन तुकडे आहेत. दोन दुधी, एक लालसर. ‘हे त्याने वरच्या सपाटीवरून खिशात घातले, रंग आवडले म्हणून,’ एवढंच तुम्ही लिहिलंय. लालसर तुकडा लांबट आहे, दोन्ही कडा समांतर, आणि पाठीवर समांतर जाणारे दोन कंगोरे. म्हणजे त्याच्या आधी त्याच गाभ्यावरून त्याच दिशेने निदान दोन पाती निघालेली असावीत. मागच्या घावाचा उपयोग करून पुढचा घाव, मी वर म्हटलं तो संबंध इथे दिसतोय. आणि ही जात कॅल्सेडनीची, म्हणजे गारगोटीच्याच कुळातल्या दगडाची, बेसॉल्टसारखी झिजणारी नाही, त्यामुळे इथली धार विरोधातला पुरावा ठरत नाही.

हे सूक्ष्मास्त्र, म्हणजे बारीक दगडी हत्यार, असेल तर ते लाखो वर्षांपूर्वीचं नाही. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकाने बसवून बाण, विळे करत, काही हजार ते काही दहा हजार वर्षांपूर्वी. नुसत्या आकारावरून वय सांगता येत नाही, कारण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या) शेतकऱ्यांनीही कॅल्सेडनीची अशीच पाती काढली. पण सपाटीवर, ओढ्यापासून वर, जिथे पाणी काही वाहून आणत नाही, तिथे एका जातीचे तीन तुकडे एकत्र मिळणं, हे मला तुमच्या मोठ्या दगडापेक्षा कितीतरी पटींनी मोठं वाटतं.

म्हणून विनंती. पुन्हा वर जाल तेव्हा काही उचलू नका, खणू तर मुळीच नका. जिथे तुकडा दिसेल तिथेच ठेवून, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा आणि मोबाइलवर जागेची खूण साठवा. अजून तुकडे दिसले तर त्या नोंदी घेऊन आपण मुंबई विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या मंडळींकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे जाऊ. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयालाही कळवावं लागेल, मी बरोबर येईन. मुलाने ते तीन तुकडे नेमके कुठून उचलले हे त्याला आठवत असेल, तोवर कागदावर नकाशा काढून घ्या. आठवडाभरात विसरायला होतं.

आणि आजच, जमल्यास, लालसर तुकड्याच्या जाड टोकाचा एक फोटो पाठवा. टेबललॅम्प डाव्या बाजूने, अगदी आडवा ठेवून. मला त्या टोकाखाली फुगवटा आहे का ते बघायचंय.